पाणी, पंगत आणि प्रार्थना : शाळेच्या आराखड्यातील धर्मप्रश्न

नवी शाळा उभारण्याचे ठरले की दोन कागद तयार होतात : इमारतीचा नकाशा आणि दिनक्रमाचा तक्ता. पहिला वास्तुविशारद आणि अभियंता यांच्या हाती असतो, दुसरा मुख्याध्यापकांच्या. आणि दोन्हींकडे सोय, खर्च व शासकीय नियम एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. वर्गखोलीत किती मुले बसतील, उजेड कोणत्या बाजूने येईल, पाण्याची टाकी कोठे असावी, परिपाठाला किती मिनिटे द्यावीत, मधली सुट्टी केव्हा करावी, हे सारे ठरवताना धर्माविषयी काही ठरवले जात आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात हे निर्णय धर्मविषयकच असतात, आणि पाठ्यपुस्तकातून धर्माबद्दल जे सांगितले जाते त्यापेक्षा शाळेच्या आवारात मुलांना रोज जे करावे लागते तेच त्यांच्या अंगी अधिक खोलवर मुरते. त्यामुळे शाळेत धर्माला स्थान असावे की नसावे, हा नेहमीचा वाद अपुरा आहे. धर्म शाळेत असतोच. तो कोणत्या वाटेने आत येतो आणि येताना कोणाला बाहेर ठेवतो, याची चिकित्सा नकाशा पक्का होण्यापूर्वी व्हावयास हवी.

या विवेचनात धर्म हा शब्द तीन अर्थांनी येईल, आणि ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. पहिला अर्थ उपासनेचा, म्हणजे प्रार्थना, पूजा, नमाज, ध्यान आणि त्यांमागील श्रद्धा यांचा. दुसरा शुद्धाशुद्धविचाराचा, म्हणजे कोणाच्या स्पर्शाने पाणी, अन्न किंवा जागा विटाळते, कोणी कोणाजवळ बसावे, कोणी कोणाच्या हातचे खावे, हे ठरवणाऱ्या आचारनियमांचा. तिसरा अर्थ नीतीचा, म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे याविषयीच्या त्या जाणिवेचा, जी कोणत्याही एका पंथाची मालमत्ता नाही. शाळेतील धर्माविषयीच्या चर्चा बहुतेक वेळा पहिल्या अर्थाभोवती फिरतात : कोणती प्रार्थना, कोणाचे छायाचित्र, कोणता सण. महाराष्ट्रातील शाळांचा इतिहास मात्र असे दाखवतो की मुलांच्या वाट्याला आलेले सर्वांत कठोर धर्मशिक्षण दुसऱ्या अर्थाचे होते, आणि ते देण्यासाठी एकही पुस्तक लागले नाही.

वास्तूची रचना श्रद्धेला वळण कशी देते, हे पाहण्यासाठी सर्वांत जुने आणि स्पष्ट उदाहरण सह्याद्रीतील लेण्यांचे आहे. विहार म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या निवासाची आणि अध्ययनाची जागा. अजिंठ्याच्या बाराव्या क्रमांकाच्या लेण्यासारख्या आरंभीच्या विहारात मध्ये चौकोनी मंडप आहे आणि त्याच्या तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आहेत. मूर्तीसाठी गाभारा नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात कोरलेल्या पहिल्या किंवा सतराव्या क्रमांकाच्या लेण्यांत हीच रचना आहे, परंतु मागील भिंतीच्या मध्यभागी गाभारा आला आहे आणि त्यात बुद्धाची आसनस्थ मूर्ती आहे. या एका बदलामुळे मंडपाला पुढची आणि मागची बाजू मिळाली. जेथे बसणारे एकमेकांसमोर बसू शकत होते, तेथे सर्वांचे लक्ष एका बिंदूकडे वळले. हा बदल उन्नती मानावी की घसरण, हा येथे प्रश्न नाही, आणि त्या काळच्या उपासकांना त्यातून जे मिळाले ते कमी लेखण्याचेही कारण नाही. शाळेची आखणी करणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की मोकळ्या चौकाच्या एका टोकाला ओटा बांधून त्यावर काहीही प्रतिष्ठित केले, मग ती मूर्ती असो, तसबीर असो की ध्वनिक्षेपक हाती घेतलेली व्यक्ती असो, तर त्या चौकातल्या मुलांच्या एकमेकांशी असलेल्या नात्याची जागा त्या ओट्याशी असलेले नाते घेते. ही अदलाबदल जाणून घडली पाहिजे.

लेण्यांची आणखी एक गोष्ट शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथे विहारांच्या लगत खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत; शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे, आणि विहार किंवा चैत्यगृह जसे देयधर्म, म्हणजे धर्मार्थ दान, म्हणून नोंदले जाते तशीच पोढीही नोंदली जाते. म्हणजे ज्यांनी हे अध्ययनस्थान वसवले त्यांच्या दृष्टीने पाण्याची तरतूद हा धर्मकार्याचाच भाग होता. पुढे अनेक शतकांनी याच प्रदेशातील एका शाळेच्या आवारात पाणी हेच अपमानाचे साधन झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा साताऱ्यातील शाळाप्रवेश ७ नोव्हेंबर १९०० चा. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यातील आपल्या विद्यार्थिदशेविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वर्गात इतर मुलांबरोबर बसता येत नसे. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणावा लागे आणि संध्याकाळी परत न्यावा लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर इतर मुले शिक्षकांची परवानगी घेऊन नळाकडे जात आणि तोटी सोडून पाणी पीत. त्यांना मात्र तोटीला हात लावण्याची मुभा नव्हती, शाळेचा शिपाई येऊन ती उघडेल तेव्हाच पाणी मिळे आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. या वर्णनाकडे वास्तूच्या आणि दिनक्रमाच्या अंगाने पाहिले तर जे दिसते ते अस्वस्थ करणारे आहे. शाळेत नळ होता, पाणी होते, शिपाईही होता; आजच्या भाषेत बोलायचे तर भौतिक सुविधा पूर्ण होत्या. शाळेच्या अभ्यासक्रमात विटाळाचा धडा नव्हता. तरीही एका मुलाला आणि त्याला पाहणाऱ्या इतर सर्व मुलांना दिवसातून अनेकदा धर्मशास्त्र शिकवले जात होते, आणि ते शिकवण्याचे काम एक तोटी करीत होती.

महाराष्ट्रातील सुधारकांनी पाण्याच्या प्रश्नाला जे केंद्रस्थान दिले त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून शाळा चालवल्या, आणि १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. या दोन कृती एकाच कार्याची दोन अंगे आहेत; अक्षर आणि पाणी दोन्ही सार्वजनिक असल्याशिवाय शाळा सार्वजनिक होत नाही, अशी त्यामागची धारणा वाचता येते. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला आणि संमत झालेला ठराव सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख करतो. त्याच ठरावाच्या आधारावर महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, परंतु ते प्रत्यक्षात उतरले नाही, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, याचा हा पुरावा आहे, आणि शाळेच्या बाबतीतही तो तसाच लागू पडतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम आपल्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीचे निकष देतो : प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, अडथळाविरहित प्रवेश, मुलगे आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सर्व मुलांसाठी सुरक्षित आणि पुरेसे पिण्याचे पाणी, माध्यान्ह भोजन शिजवण्याची जागा, क्रीडांगण, कुंपण. हे निकष आवश्यक आहेत, परंतु ते वस्तूची उपस्थिती मोजतात; तिच्या वापराची रीत मोजत नाहीत. साताऱ्यातील त्या नळाने पाण्याचा निकष पूर्ण केला असता. म्हणून नवी शाळा आखताना पाण्याचा विचार उपस्थितीच्या पुढे जावा लागतो. पाणी माठात असेल आणि ते ओगराळ्याने काढून द्यायचे असेल, तर ओगराळे कोणाच्या हाती हा प्रश्न उद्भवतो. पाणी ओळीने लावलेल्या नळांना असेल, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर असेल आणि आवारात सर्वांच्या नजरेसमोर असेल, तर मध्यस्थाची गरज उरत नाही आणि भेदभाव झालाच तर तो लपत नाही. आडोशाला, स्वच्छतागृहाच्या मागे किंवा शिक्षकांच्या खोलीच्या आत ठेवलेले पाणी हे कोणाच्या तरी मर्जीवर चालणारे पाणी असते. नकाशातील एका रेषेची जागा बदलल्याने जातिभेद संपत नाही, हे उघड आहे. मात्र चुकीच्या जागी काढलेली रेषा त्याला निवारा देते, आणि तो निवारा न देणे आखणी करणाऱ्याच्या हाती असते.

पाण्याहूनही अधिक अवघड प्रश्न अन्नाचा, कारण त्यात शिजवणारा, वाढणारा आणि शेजारी बसणारा असे तिघे येतात. साताऱ्यातच, डॉ. आंबेडकरांच्या शाळाप्रवेशानंतर चोवीस वर्षांनी, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृह सुरू केले, आणि त्याच्या दिनक्रमाची आखणी हा विसाव्या शतकातील मराठी समाजाने केलेला एक मोठा धर्मविचार आहे असे म्हणता येते. भाऊराव जन्माने जैन. कोल्हापुरात शिकत असताना राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा आणि सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर संस्कार झाला. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह उभे राहिले, आणि १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. महाडचा सत्याग्रह पुढच्याच महिन्यातला. तेथे प्रश्न तळ्याचा होता, येथे चुलीचा.

वसतिगृहाचा नेम साधा होता. सर्व जातींची आणि धर्मांची मुले एकत्र राहत, एका स्वयंपाकघरातले अन्न एका पंगतीत खात, आणि झाडलोट, पाणी भरणे, दळणकांडण, शेतकाम यांत वाटा उचलत. त्या काळात अनेक वसतिगृहे जातवार होती आणि त्यांनीही शिक्षणाचे मोठे काम केले. तेथील मुलाला छप्पर, पुस्तके आणि आधार मिळाला. परंतु जातवार वसतिगृहात मुलगा आपल्या जातीच्या चौकटीतच वर येतो, आणि भाऊरावांना ती चौकटच दिनक्रमातून मोडायची होती. यासाठी त्यांनी मुलांना समतेवर प्रवचने दिली असतील किंवा नसतील, त्याने फारसा फरक पडत नाही. एकाने भाकरी थापली आणि दुसऱ्याने खाल्ली, हे वर्षानुवर्षे घडत राहिले. लक्ष्मीबाई पाटील यांनी वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मोडले. सौभाग्यचिन्ह म्हणून ज्याला धार्मिक मोल आहे ती वस्तू मुलांच्या पोटासाठी देताना त्यांनी धर्माच्या दोन अर्थांत निवड केली, आणि कोणता अर्थ वरचा हे कृतीने दाखवले.

आजच्या शाळेत हा प्रश्न माध्यान्ह भोजनाच्या रूपाने रोज उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २००४ च्या आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य देण्यास सांगितले. त्या एका वाक्यामागे अन्न आणि स्पर्श यांविषयीच्या दीर्घ इतिहासाची जाण आहे. देशात काही ठिकाणी पालकांनी दलित स्त्रीच्या हातचे अन्न मुलांना खाऊ दिले नाही, तर काही ठिकाणी पंगती वेगळ्या बसवल्या गेल्या, आणि अशा बातम्या अजूनही येतात. नवी शाळा आखणाऱ्याने स्वयंपाकघराला इमारतीच्या मागे, कुंपणाला चिकटवलेली शेड समजणे हे म्हणूनच केवळ सौंदर्यदृष्टीने अयोग्य नाही. अन्न शिजवणारी व्यक्ती मुलांना दिसावी, तिला मुलांनी नावाने आणि नात्याने हाक मारावी, वाढण्याचे काम आळीपाळीने मुलांकडे यावे, शिक्षकांनी त्याच पंगतीत बसावे, यासाठी जेवणाची पडवी वर्गांना लागून आणि स्वयंपाकघराला खुली असावी लागते. पंगतीत बसण्याचा क्रमही आखावा लागतो, कारण क्रम न आखता सोडला तर मुले ओळखीच्या, म्हणजे बहुधा वस्तीच्या आणि म्हणून जातीच्या, गटांत बसतात.

यापुढे एक अडचण येते. एखाद्या मुलाच्या घरी मांस वर्ज्य असते, एखाद्याच्या घरी अंडे चालते आणि एखाद्याच्या घरी पर्युषणात किंवा रमजानमध्ये दिवसा जेवण नसते. सहभोजनाचा आग्रह येथे सक्तीत बदलण्याचा धोका असतो. यातील भेद असा करता येतो : काय खावे हे मुलाच्या घराने ठरवावे, परंतु कोणाच्या हातचे आणि कोणाजवळ बसून खावे हे शाळेने ठरवावे. पहिली बाब व्रताची आणि श्रद्धेची आहे, दुसरी इतर मुलांच्या प्रतिष्ठेची. उपवास असलेल्या मुलाला पंगतीत न जेवता बसता येते, आणि त्याला तेथे बसण्यास जागा असावी. शेजारच्या मुलाचा विटाळ मानून उठण्यास मात्र शाळेच्या दिनक्रमात जागा असू नये.

स्वच्छतागृहांविषयी थोडक्यात सांगता येईल, जरी प्रश्न लहान नाही. मासिक पाळीच्या विटाळाची कल्पना मुलीला महिन्यातील काही दिवस देवघरापासून आणि अनेक घरांत स्वयंपाकघरापासून दूर ठेवते. शाळेत पाणी, आडोसा आणि वापरलेल्या कापडाच्या विल्हेवाटीची सोय नसेल तर तीच कल्पना तिला वर्गापासूनही दूर ठेवते. सफाई कोण करतो हा त्याला लागूनच येणारा प्रश्न आहे. शांतिनिकेतनात १० मार्च १९१५ रोजी गांधींच्या प्रेरणेने विद्यार्थी आणि शिक्षकांनी स्वयंपाक व सफाईची कामे स्वतः करण्यास आरंभ केला. प्रयोग फार दिवस टिकला नाही, तरी त्या दिवसाचे स्मरण तेथे आजही प्रत्यक्ष काम करून केले जाते. ज्या शाळेत सफाईचे काम काही ठरावीक मुलांनाच सांगितले जाते तेथे मात्र श्रमप्रतिष्ठेचे नाव घेऊन जुनीच व्यवस्था चालू असते, आणि म्हणून सफाईची पाळी भिंतीवर लिहिलेली, सर्वांना सारखी लागू आणि शिक्षकांनाही न सोडणारी असावी.

एवढे झाल्यावरच प्रार्थनेचा प्रश्न योग्य जागी येतो. पाणी आणि पंगत यांत जी भेदभाव करते त्या शाळेची प्रार्थना, ती कितीही उदात्त असली तरी, खोटी ठरते. साने गुरुजींनी हे ओळखले होते. अमळनेरच्या शाळेत शिक्षक आणि छात्रालयाचे प्रमुख म्हणून काम करताना ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडत असत, आणि पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. त्यांनी लिहिलेली प्रार्थना महाराष्ट्रातील असंख्य शाळांतून म्हटली जाते. जो माणूस मंदिराच्या बंद दारासमोर प्राण पणाला लावतो त्याच्या शब्दांना शाळेच्या आवारात अधिकार प्राप्त होतो, तो या कृतींमुळे.

भारतीय संविधानाचा अठ्ठाविसावा अनुच्छेद या बाबतीत मर्यादा आखून देतो. राज्याच्या निधीतून पूर्णतः चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. धर्मांविषयीचे अभ्यासपूर्ण शिक्षण हे धार्मिक शिक्षणापासून वेगळे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी १९८६ मध्ये केरळमधील तीन भावंडांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असे ठरवले की राष्ट्रगीताच्या वेळी जी मुले आदराने उभी राहतात, परंतु आपल्या श्रद्धेमुळे गात नाहीत, त्यांना शाळेतून काढून टाकता येत नाही. ती मुले यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातील होती. या निर्णयाचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे, कारण त्यात सामुदायिक विधीत उभे राहण्याची एक तिसरी रीत मान्य झाली : सहभागी नाही, विरोधीही नाही, तरीही ओळीत.

शाळांपुढे येथे तीन मार्ग येतात. पहिला एका परंपरेची प्रार्थना सर्वांनी म्हणण्याचा. महाराष्ट्रात परिपाठाचा शेवट अनेक ठिकाणी पसायदानाने होतो, आणि त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते की त्यात एका देवाचे नाव नाही, मागणे सर्व भूतमात्रांसाठी आहे. हे खरे आहे, आणि तेराव्या शतकातील एका तरुण संताने आपल्या ग्रंथाच्या शेवटी स्वतःसाठी काहीही न मागता विश्वासाठी मागावे ही मराठी भाषेची फार मोठी पुण्याई आहे. ते प्रत्येक मराठी मुलाने अर्थासह वाचावे. परंतु वाचणे वेगळे आणि हात जोडून म्हणणे वेगळे; दुसऱ्यात देहाची एक मुद्रा मागितली जाते, आणि ती मुद्रा ज्याच्या श्रद्धेत बसत नाही त्याच्यासाठी शब्दांची विशालता पुरेशी ठरत नाही. प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या एका शिक्षकावर सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले आहे.

दुसरा मार्ग सर्वधर्मप्रार्थनेचा. सेवाग्राम आश्रमात मोकळ्या जमिनीवर होणाऱ्या प्रार्थनेत अनेक धर्मांतील वचने क्रमाने येतात, आणि ज्या काळात देश धर्माच्या नावाने फाटत होता त्या काळात ती कृती धैर्याची होती. तरीही लक्षात घेण्याजोगे असे की १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमच्या योजनेत गांधींनी धार्मिक शिक्षणाचा समावेश केला नाही, आणि त्याचे कारण त्यांनी असे दिले की धर्म आज ज्या रीतीने शिकवले आणि आचरले जातात त्यातून ऐक्याऐवजी कलह निर्माण होतो. स्वतः अखंड प्रार्थना करणाऱ्या माणसाचा हा संयम विचार करायला लावणारा आहे. सर्वधर्मप्रार्थनेची मर्यादा अशी की ती मुलांना धर्मांच्या यादीत बसवते. यादीत ज्याचा धर्म नाही, किंवा ज्याला कोणताच धर्म नाही, ते मूल मोजणीतून सुटते.

तिसरा मार्ग मौनाचा, आणि सर्वांसाठी चालणाऱ्या शाळेला तोच सर्वांत अनुरूप आहे असे या निबंधाचे मत आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा सुरू केली तेव्हा तेथे त्यांच्या वडिलांच्या काळातील, १८९१ मध्ये बांधलेले उपासनागृह होते : लोखंड आणि रंगीत काचा यांचे, आत मूर्ती नसलेले, चारी बाजूंनी उजेड येऊ देणारे. आपल्या शाळेविषयीच्या इंग्रजी व्याख्यानात, जे १९१७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, रवींद्रनाथ सांगतात की सकाळी आणि संध्याकाळी पंधरा पंधरा मिनिटे मुलांना मोकळ्या जागेत बसण्यासाठी दिली जातात, आणि त्या वेळात त्यांनी कशाचा विचार केला हे त्यांना कधीच विचारले जात नाही. न विचारण्याचा हा नेम विलक्षण आहे. शाळा ही मुलाला सतत विचारणारी संस्था आहे. उत्तर द्या, पाठ म्हणा, हजेरी लावा. त्या संस्थेने दिवसातील एक भाग स्वतःच्या चौकशीपासून मुक्त ठेवणे म्हणजे मुलाच्या अंतर्यामाला तिने दिलेली मान्यता होय. जे. कृष्णमूर्ती यांच्या विचारांतून चालणाऱ्या ऋषी व्हॅली येथील शाळेत सूर्यास्ताच्या वेळी शांत बसण्याची प्रथा आहे, तिला अस्ताचल म्हणतात. तीही याच कुळातली.

मौनाचे गोडवे गाताना शांतिनिकेतनाचीच दुसरी बाजू विसरता कामा नये. आरंभीच्या काळात, १९०२ च्या सुमारास, तेथे असा प्रश्न निघाला की ब्राह्मण विद्यार्थ्यांनी ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया पडावे का, आणि रवींद्रनाथांनी तेव्हा दिलेला सल्ला रूढीला सांभाळून घेणारा होता. ते पुढे त्या मर्यादेच्या फार पलीकडे गेले. भिंती नसलेल्या, झाडांखाली वर्ग भरणाऱ्या शाळेतही वाकण्याच्या रीतीतून जात आत येऊ शकली, याचा अर्थ असा की मोकळी वास्तू आणि शांत प्रार्थना यांनी शुद्धाशुद्धविचार आपोआप विरघळत नाही. म्हणून पाणी आणि पंगत हे मौनाच्या आधी येतात.

मौनावर एक गंभीर आक्षेप असा घेता येईल की महाराष्ट्राची भक्ती ही मुळात नादाची आहे. टाळ, मृदंग, अभंग, ओवी यांवर पोसलेल्या मुलाला गप्प बसवणे म्हणजे त्याच्या परंपरेला शहरी, उच्चभ्रू रिकामेपणाच्या बदल्यात मुकवणे होय. हा आक्षेप फेटाळता येण्याजोगा नाही. त्याचे उत्तर एवढेच की गाणे शाळेत भरपूर असावे, अभंगही असावेत, कव्वालीही असावी, आदिवासी पाड्यावरची गाणीही असावीत, परंतु ती संगीताच्या आणि भाषेच्या तासाला, जेथे गाणारा आणि ऐकणारा दोघांनाही सन्मान असतो आणि न गाणाऱ्याला श्रद्धेची परीक्षा द्यावी लागत नाही. दिवसाच्या आरंभी, जेव्हा सर्वांना एकत्र उभे राहणे बंधनकारक असते, तेव्हा संविधानाची उद्देशिका आणि त्यानंतरची काही मिनिटांची शांतता पुरेशी आहे. त्या शांततेत कोणी मनात विठ्ठलाचे नाव घेईल, कोणी कलमा म्हणेल, कोणी घरच्या आजाऱ्याची काळजी करील. शाळेने ते जाणून घेण्याचा प्रयत्न करू नये.

यासाठी जागा कशी असावी, हेही ठरवावे लागते. मौनाची खोली वेगळी बांधता आली तर तिला गाभाऱ्यासारखी मागची भिंत नसावी. बसण्याची रचना वर्तुळाकार किंवा चौकोनी असावी, भिंतींवर तसबिरी नसाव्यात, आणि वर्ष सरता सरता एखादी मूर्ती किंवा चिन्ह कोणाच्या देणगीतून तेथे येऊन बसणार नाही, असा नियम आरंभीच लेखी करावा. रिकामी जागा रिकामी ठेवणे हे बांधण्याहून अवघड असते. कोनाडा दिसला की त्यात काहीतरी ठेवावेसे वाटते, आणि ठेवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो.

दिनक्रमाच्या तक्त्यातही अशीच दक्षता लागते. दिवसाचे ठरावीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला एक काम नेमून देण्याची पद्धत युरोपात मठांतून आली. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत प्रार्थना, वाचन आणि श्रम यांच्या वेळा घातल्या आहेत, आणि मिशेल फुको यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात शाळा, बराकी व कारखाने यांच्या वेळापत्रकाची वंशावळ त्या मठांपर्यंत नेली आहे. मठातील घंटा ईश्वराच्या स्मरणासाठी होती. शाळेतील घंटा कशासाठी, हे बहुधा कोणी विचारत नाही. चाळीस मिनिटांचा तास संपला म्हणून अर्धवट सुटलेले गणित मिटवून ठेवण्याची सवय मुलाला लावणे, हीसुद्धा काळाविषयीची एक श्रद्धा आहे. कोणता दिवस सुट्टीचा हेही तसेच. शांतिनिकेतनात ब्राह्म उपासनेच्या परंपरेमुळे बुधवार हा सुट्टीचा वार राहिला. इतरत्र रविवार ख्रिस्ती परंपरेतून आला आणि आता तो कोणाला धार्मिक वाटतही नाही. मग शुक्रवारी दुपारी घटक चाचणी ठेवणे, किंवा एखाद्या समाजाच्या मोठ्या सणाला सहल नेणे, यालाही धार्मिक अर्थ नाही असे बहुसंख्याकांना वाटते, तर ज्याला त्या दिवशी दोहोंतून एक निवडावे लागते त्या मुलाला तो अर्थ स्पष्ट कळतो.

या साऱ्या निर्णयांपैकी पहिला निर्णय प्रत्यक्षात जमिनीवर कुदळ पडण्याआधीच घेतला जातो, तो भूमिपूजनाचा. सार्वजनिक निधीतून उभ्या राहणाऱ्या शाळेच्या पायाभरणीला एका धर्माचा विधी करावा का, यावर समाजात एकमत होणार नाही, आणि श्रद्धेने नारळ फोडणाऱ्या गावकऱ्याचा अवमान करणे हे तर कोणत्याही अर्थाने धर्माचे नाही. पण तो विधी कोणी करावा, त्यात पुढे कोण उभे राहावे आणि मागे कोण, हे तरी खुलेपणाने बोलले जावे. २००९ च्या अधिनियमाने शासकीय व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे; तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असावे असे कायदा सांगतो. अनुदानित शाळांत तिचे काम सल्ल्यापुरते असते. शासकीय शाळांत शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी तिच्यावरच आहे. परंतु समितीसमोर कागद येतात तेव्हा नकाशाला तांत्रिक मंजुरी मिळून गेलेली असते आणि चर्चा रंगाच्या व कमानीवरच्या नावाच्या पलीकडे जात नाही. ज्या मुलाच्या पाण्याचा, पंगतीचा आणि मौनाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, त्याच्या आईला या समितीत बसण्याचा कायदेशीर हक्क आहे. नळ, स्वयंपाकघर आणि परिपाठाचा चौक यांच्या जागा नकाशावर ठरत असतानाच तिला बोलावले जावे, आणि नकाशा तिला समजेल अशा रीतीने, शक्य तर प्रत्यक्ष जागेवर चुन्याने रेषा आखून, दाखवला जावा.